मी काढून दिलेलं डोकं

चित्रकलेच्या मास्तराकडून लेख मागणारे संपादक दोन प्रकारचे असतात. एकाला वाटतं, हा बुवा रंग, रेषा, सौंदर्य वगैरेंबद्दल काहीतरी तरल लिहील. दुसऱ्याला लेखासोबत चार रेखाटनं फुकटात हवी असतात. आमचे संपादक दुसऱ्या प्रकारातले आहेत. त्यांना आधीच सांगतो, रेखाटनं मिळणार नाहीत. आणि सौंदर्याबद्दल म्हणाल, तर ते मी आयुष्यभर शिकवलं आणि त्यातलं बरंचसं खोटं होतं. त्याबद्दलच लिहायचं ठरवलं आहे. छापायचं नसेल तर परत पाठवा, पोस्टाची तिकिटं सोबत जोडली आहेत.

माझी नोकरी नागपुरात, महाल भागातल्या एका खासगी चित्रकला महाविद्यालयात झाली. महाविद्यालय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बाग, व्हरांडा आणि पांढरेशुभ्र पुतळे येत असतील तर ते पुसून टाका. खाली सरकीचं गोदाम, वर दोन लांबोड्या खोल्या आणि गच्चीच्या जिन्याखाली प्राचार्यांचं ऑफिस. पुतळा एकच होता आणि त्याचं नाक मी यायच्या आधीच पडलेलं होतं. इथं दोन वर्षं काढली की शाळेत ड्रॉइंग मास्तर व्हायचा कागद मिळायचा. म्हणजे आम्ही चित्रकार घडवत नव्हतो, उगाच कोणाचा गैरसमज नको. ज्यांना चित्रकार होता आलं नाही अशा आम्ही चौघांनी, पुढे जे होणार नाहीत अशांना, शाळेतली मोसंबी आणि सुरई काढायला शिकवायचं, असा तो कारभार होता.

आमच्याकडे कोण यायचं? ज्याला दुसरीकडे कुठंच जागा मिळाली नाही तो यायचा. शहराबाहेरच्या वाडीच्या गोदामांपुढे ट्रकवर कमळं आणि मोर रंगवणारी पोरं यायची. घरी बसण्यापेक्षा काहीतरी शिकलेली बरी म्हणून लग्नापर्यंत पाठवलेल्या मुली यायच्या. पहिल्या दिवशी मी विचारायचो, काय काय काढता? उत्तर ठरलेलं. कॅलेंडरवरचा शंकर. चौकटी पाडून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मूळ चित्रावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, कोऱ्या कागदावर तेवढ्याच मोठ्या आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायची. डोकं अजिबात लागत नाही. चिकाटी असलेली गायसुद्धा काढेल.

दुसऱ्या वर्षाला व्यक्तिचित्र असायचं. त्यासाठी समोर बसणारा माणूस लागतो. मॉडेल आणायची संस्थेची ऐपत नव्हती, म्हणून आमचे शिपाई महादेवजी स्टुलावर बसायचे. मोठी मिशी, कपाळावर आडव्या रेघा, एक कान जरा पुढे. विदर्भातल्या निम्म्या ड्रॉइंग मास्तरांनी माणसाचं तोंड म्हणून पहिल्यांदा महादेवजींचं तोंड काढलं आहे. बसल्या बसल्या ते झोपायचे आणि झोपेतही मान हलवायचे नाहीत. इतका गुणी मॉडेल पॅरिसलाही मिळायचा नाही.

त्याच्याच जोडीला आत्मचित्र, म्हणजे स्वतःचं चित्र. हे घरून काढून आणायचं. घरी आरसा असतोच, त्यात पाहायचं आणि जे दिसेल ते काढायचं. ऐकायला किती सोपं! पण माणूस आरशात स्वतःला पाहत नाही हे मला ती चित्रं पाहून कळलं. मुलांचे केस सगळे त्या वर्षीच्या हिरोसारखे. मुली सगळ्या गोऱ्या, हनुवटीला तीळ, नजर खाली. रामदासपेठेतल्या एका ठेकेदाराच्या मुलानं मात्र प्रामाणिकपणे स्वतःचं नाक काढलं, तर त्याचे वडील स्कूटर घेऊन भांडायला आले.

"मास्तर, माझ्या पोराचं नाक एवढं मोठं आहे का?"

मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हटलं, "साहेब, ते त्यानं घरातलंच काढलं आहे."

त्यांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. प्राचार्यांनी मला समज दिली. मुलानं दुसरं चित्र आणलं, त्यात नाकाच्या जागी दोन टिंबं होती. त्याला चांगले मार्क द्यावे लागले.

आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी माझं डोकं फिरलं आणि मी वर्गात जाहीर केलं की आरसा बंद. "आठवडाभर तुमच्या रोजच्या वापरातल्या वस्तूत स्वतःला शोधा. घागर पाहा, परात पाहा, बसची काच पाहा. दिवसभर तुम्ही जे करता त्यात तुम्ही कुठं दिसता ते पाहा आणि ते काढून आणा. सिनेमाचं पोस्टर आणलं तर कागद फाडून हातात देईन."

आठवड्यानं चित्रं आली. तेवीसपैकी अकरा जणांनी चमच्यात दिसणारं तोंड काढलं होतं आणि त्यातल्या सात जणांच्या घरी तो एकच चमचा होता, दांड्यावरच्या फुलासकट. दोघांनी विहिरीत वाकून पाहणारे आपण असे काढले, पण विहिरीतून वर पाहतात तसे; म्हणजे ते आत पडलेले होते. वाडीच्या ट्रक रंगवणाऱ्या एका पोरानं ट्रकच्या बाजूचा आरसा काढून आणला.

"अबे, आरसा बंद सांगितला होता ना?"

"सर, तो ट्रकचा आहे. घरचा नाही."

त्याच्या आरशात ट्रकांची लांब रांग होती आणि अगदी कडेला, हातात डबा घेतलेला तो, नखाएवढा. चित्र चांगलं होतं. मी तसं म्हटलंही, पण हळू आवाजात, कारण चांगलं म्हटलं की ही लेकाची दुसऱ्या दिवसापासून शिकणं सोडतात.

आणि मग कुंदा पौनीकरनं तिचा कागद पुढे केला.

कुंदा गोलीबार चौकातल्या कोष्ट्याची मुलगी. बाप हातमागावर लुगडी विणायचा. मोठा भाऊ माग सोडून हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर लागला होता आणि तेवढ्यानं घर कसंबसं चालत होतं. कुंदा शाळेत जायच्या आधीपासून कांड्या भरायची. कांडी म्हणजे आडवं सूत गुंडाळलेली ती बोटभर नळी, जी मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवतात. चरख्याशी बसायचं आणि एकामागून एक भरायच्या. सावळी, तोंडावर देवीचे वण, शेवटच्या बाकावर बसायची. बोलायची नाही. पण दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन तिनं सांगितलं होतं, "सर, मले यंदा पास व्हाच लागते." उमरेडच्या एका मुलींच्या शाळेत ड्रॉइंगच्या बाईची जागा निघणार होती. शाळेचे सचिव तिच्या बापाच्या ओळखीचे. ते म्हणाले होते, जूनमध्ये पास झाल्याचा कागद आणला तर जागा तुझ्या पोरीची, नाहीतर मी दुसरी बाई घेतो. माग बंद पडायला आला होता. नापास झाली तर वर्षभर थांबायची कोणाची तयारी नव्हती, शाळेची नाही आणि घरच्यांचीही नाही. तिच्यासाठी कामठीकडचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं.

तिच्या कागदावर एक बाई चरख्याशी बसलेली होती. गुडघे, मांडीवर ओढून घेतलेलं पातळ, त्याला चिकटलेला सुताचा भुगा, चरख्यावरचा उजवा हात, डाव्या हाताच्या चिमटीतून धावणारा धागा. त्या धाग्यानं अंगठ्याच्या पेराला पडलेली चीर. खांदे. गळा. गळ्यापाशी रेषा बारीक होत गेली होती आणि थांबली होती. त्याच्यावर कागदाचा वरचा तिसरा भाग कोरा.

"काय वं हे? डोकं घरी ठेवून आली काय?"

वर्ग हसला. ती हसली नाही.

"सर, मले माझं डोकं दिसत नाही. दिवसभर एवढंच दिसते."

इतकी वर्षं मी चित्रं पाहत होतो, काढत होतो, बर्डीवरच्या प्रदर्शनात लावत होतो. एवढं खरं चित्र माझ्या हातून झालं नव्हतं, आणि ते होणार नाही हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मला त्या पोरीचा हेवा वाटला. तसं बोलून दाखवायला पाहिजे होतं. मी काय म्हणालो?

"भैताडपणा पुरे. नियमात चेहऱ्याचं साम्य असं लिहिलं आहे. चेहरा काढून आण."

पुढच्या आठवड्यात तिनं कागद आणला. डोकं नव्हतं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नव्हतं. मी ओरडलो. ती खाली मान घालून म्हणाली, "करून पाह्यलं सर, दुसऱ्या कागदावर. डोकं टाकलं का ते दुसऱ्यानं पाह्यल्यासारखं होते. मंग ते माझं नाही राहत." मी म्हटलं, "उमरेडच्या सचिवाले हे सांगशील काय?"

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी बाहेरच्यांना कोणी सांगत नाही. वर्षअखेर मुलांची सगळी चित्रं भिंतीवर लावायची आणि बाहेरगावचे परीक्षक येऊन मार्क द्यायचे. निकाल वाईट लागला तर पुढच्या वर्षी मुलं येत नाहीत, मुलं आली नाहीत तर मास्तर घरी. म्हणून परीक्षक यायच्या आधी मास्तर मुलांच्या चित्रांवर हात फिरवायचे. आम्ही त्याला हात फिरवणं असंच म्हणायचो, आईनं पोराच्या पाठीवर फिरवावा तसा. कुठं सावली दाबायची, कुठं नाक सरळ करायचं, कुठं डोळ्यात जीव आणायचा. नियमाप्रमाणे हा गुन्हा होता. दुसऱ्याचा हात आढळला की कागद रद्द आणि मुलगा नापास. पण करत सगळेच होते, आणि ज्याचा हात जास्त सफाईचा त्याला मान होता. माझा हात प्रसिद्ध होता. विशेषतः डोळा. उजवा डोळा आधी, बुबुळावर डावीकडे वर पांढरा ठिपका, नाकाची एकच रेघ, खालच्या ओठाखाली अंगठ्यानं पुसलेली सावली. वीस मिनिटांत मेलेलं तोंड उठून बसायचं. इतर मास्तर मला आपल्या वर्गात बोलावून न्यायचे आणि मी मिजाशीत जायचो. मुलं भोवती कोंडाळं करून पाहायची. कुंदा त्या कोंडाळ्याच्या मागे, कोणाच्या तरी खांद्यावरून पाहत उभी असायची.

परीक्षेच्या दिवशी सकाळी चित्रं लावणं चाललं होतं. एप्रिलची अखेर, आठ वाजताच गच्ची तापलेली. वाळ्याच्या कूलरवर महादेवजी बादलीनं पाणी ओतत होते. नागपुरात त्या दिवसांत जलरंग लावायचा म्हणजे ब्रश कागदावर टेकेपर्यंत रंग वाळतो, त्यामुळे हात चलाख लागतो. कुंदाचा कागद माझ्या हातात आला. डोकं नव्हतं. मुलं खाली नाश्त्याला गेली होती. मी कागद बोर्डावर लावला आणि डोकं काढून टाकलं.

खोटं कशाला बोलू, मन लावून काढलं. अर्धा तास लागला. डोळे माझे नेहमीचे. रंग दोन छटा उजळ घेतला. देवीचे वण घेतले नाहीत, ते माझं औदार्य. अंबाड्यात अबोलीचा गजरासुद्धा घातला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ना, तसं. मागे सरकून पाहिलं तर काय सुरेख दिसत होतं! पोरीचं भलं झालं असं मला अगदी मनापासून वाटलं.

ती नाश्ता करून वर आली आणि भिंतीपुढे थांबली.

"सर, हे कोनं केलं?"

"मी केलं. पास व्हायचं आहे ना तुले?"

"हाव," ती म्हणाली. एवढंच. मग जाऊन आपल्या बाकावर बसली.

परीक्षक दाभाडकर पहिल्यांदाच आमच्याकडे येत होते. किडकिडीत, खादीचा बुशशर्ट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आल्याबरोबर त्यांच्यापुढे संत्र्याचा रस ठेवला तर म्हणाले, नंतर. हे लक्षण काही बरं नव्हतं. मागं हात बांधून ते भिंतीपाशी चालू लागले. प्राचार्य एका पावलाच्या अंतरानं मागे, मी त्यांच्या मागे. सहा-सात आत्मचित्रं झाल्यावर ते थांबले.

"मास्तर, आपल्याकडे सगळी मुलं एकाच आईची आहेत का हो?"

प्राचार्य मोठ्यानं हसले. मीही हसलो. दाभाडकर हसले नाहीत.

कुंदाच्या चित्रापाशी ते बराच वेळ थांबले. चष्मा वर केला. अंगठ्यावरच्या त्या चिरेकडे इतकं वाकून पाहिलं की नाक कागदाला लागेल. मग सरळ झाले आणि म्हणाले, "हे धड ज्यानं काढलं त्यानं हे डोकं काढलेलं नाही. विद्यार्थी कोण आहे?"

कुंदा उठून पुढे आली. पदराचं टोक मुठीत धरलेलं.

"हे तू काढलंस?"

तिनं भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं.

"घाबरू नकोस. धड तुझं आहे हे मला दिसतंय. डोकं कोणी काढलं ते सांग. खरं ऐकायचं आहे मला. पण दुसऱ्याचा हात असला तर नियमाप्रमाणे हा कागद मला रद्द करावा लागेल. तेही तुला आधीच सांगतो."

म्हणजे खरं सांगितलं तर नापास. उमरेड गेलं. आणि आमच्या इथलं परीक्षेचं केंद्र गेलं, माझी नोकरी गेली, ते वेगळंच. तिनं माझ्याकडे पाहिलं.

इथं मी काय करायला पाहिजे होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. साहेब, डोकं मी काढलं, मुलीला न विचारता काढलं, तिचा काही दोष नाही. एवढंच एक वाक्य. उचलली जीभ लावली टाळ्याला असा माझा लौकिक. वर्गात, स्टाफरूममध्ये, प्राचार्यांपुढे माझं तोंड कधी बंद नसायचं. त्या दिवशी मूग गिळून मी कूलरमधून गळणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिलो. माझी मला आज शिसारी येते. त्या वेळी फक्त भीती वाटत होती.

"माझंच आहे सर. डोकंबी मीच काढलं," कुंदा म्हणाली.

"असं? मग इथं माझ्यासमोर एक काढ. स्वतःचंच काढ. अर्धा तास देतो." त्यांनी कोरा कागद पुढे केला. "कोणीतरी आरसा आणा."

"आरसा नाही पाह्यजे सर," ती म्हणाली.

ती बाकावर बसली. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि काय होणार ते मला कळून चुकलं होतं. तिचा हात सावकाशीचा होता, एकेक रेघ चाचपून काढणारा. तो अडखळणार, डोळा वाकडा येणार, दाभाडकर दोन्ही कागद शेजारी ठेवणार आणि संपलं.

पेन्सिल कागदावर टेकली. उजवा डोळा आधी. बुबुळावर डावीकडे वर ठिपका सोडलेला. मग डावा. नाकाची एकच रेघ, वरून खाली, न थांबता. खालच्या ओठाखाली सावली टाकली आणि अंगठ्यानं पुसली, माझ्यासारखी, बाहेरच्या बाजूला. पेन्सिल बोटांत फिरवून बोथट बाजू पुढे घ्यायची माझी एक खोड होती, तीसुद्धा तिनं घेतली. वण घेतले नाहीत. गजरा घातला. वीस मिनिटांत तिनं माझं डोकं काढून ठेवलं, आणि सांगायला लाज वाटते, माझ्यापेक्षा जरा सरसच काढलं.

दाभाडकरांनी तो कागद भिंतीवरच्या चित्राशेजारी धरला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"हात एकच आहे," ते म्हणाले. "माझी चूक झाली. बस बेटा."

मग प्राचार्यांच्या ऑफिसात त्यांनी संत्र्याचा रस घेतला. मार्कांचा कागद भरता भरता म्हणाले, "त्या मुलीला काठावर पास केलं आहे. वाईट वाटतं हो. धड पाहून मला वाटलं होतं, इतक्या केंद्रांवर फिरलो, आज एक सापडलं. मग कळलं, तेही शिकवलेलंच आहे. कोणीतरी घोटून घेतलेलं डोकं आहे ते. नुसतं धडच ठेवलं असतं ना, तर या वर्षी मी तिला पहिलं ठेवलं असतं."

मी विचारलं, "पण नियमात चेहरा लिहिला आहे ना साहेब?"

"नियम लावायला मीच येतो ना मास्तर?"

ते गेल्यावर प्राचार्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वाचलो बाप्पा!" म्हणाले. मीही म्हटलं, वाचलो. आणि वाचकांचा असा समज व्हायला नको की त्या दिवसापासून मी सुधारलो. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मी पुन्हा हात फिरवला, त्याच्या पुढच्या वर्षीही. निवृत्त होईपर्यंत फिरवला. निरोप समारंभात माझ्या सफाईदार हाताचं कौतुक करणारी तीन भाषणं झाली.

जूनमध्ये निकाल लागला. कुंदा पास झाली, उमरेडची जागाही मिळाली. आठ दिवसांनी दुपारी ती आपली चित्रं न्यायला आली. मी एकटाच टेबलाशी बसलो होतो. गठ्ठ्यातून तिचे कागद काढून दिले. माफी मागायची म्हणून मी चार दिवस वाक्यं जुळवली होती, पण ती समोर आल्यावर तोंडून निघालं ते असं:

"पाहा, झाली ना पास? म्हटलं होतं तुले. माझं डोकं कामी आलं का नाही?"

"हाव सर."

"पण तू ते इतकं हुबेहूब कसं काढलं वं? न पाहता, एका बैठकीत?"

तिनं कागदांच्या कडा जुळवल्या.

"ते सोपं होतं सर. तुमच्यापाशी तेवढं एकच तोंड आहे. दोन वर्षं मी तेच पाहून राहिली, साऱ्यांच्या कागदावर." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. "माझं धड काढाले मले तीन आठवडे लागले होते."

मग म्हणाली, "सर, ब्लेड आहे काय?"

पेन्सिलीला टोक करायचं असेल म्हणून मी खणातून ब्लेड काढून दिलं. तिनं चित्र माझ्या टेबलावर पसरलं, पट्टी गळ्यावर ठेवली, जिथं तिची रेषा थांबली होती बरोबर तिथं, आणि एका ओढीत वरचा भाग कापून काढला. खालचा तिनं गुंडाळून दोरा बांधला. वरचा तुकडा माझ्याकडे सरकवला.

"हे तुमचं आहे, सर."

वाकून माझ्या पाया पडली आणि गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

थोड्या वेळानं महादेवजी चहा घेऊन आले. कप ठेवायला जागा करावी म्हणून त्यांनी तो तुकडा उचलला, खिडकीकडे नेला आणि हात लांब करून पाहत राहिले. हा माणूस वर्षभर कुंदाच्या पुढ्यात स्टुलावर बसला होता. तिच्या घरची खडान्‌खडा माहिती त्यांना होती. ती डबा विसरली तर आपल्या डब्यातली भाकर ते तिला द्यायचे.

"लय देखणी काढली सर," ते म्हणाले. "कोन व्हय ही बाई?"

मी म्हटलं, "मले नाही माहीत."